ग्रबीची कारकीर्द आणि मैदानाची मालकी

ई-स्पोर्ट्समधला व्यावसायिक खेळाडू निवृत्त झाला की त्याच्या कारकिर्दीचा हिशेब साधारणपणे तीन गोष्टींवरून मांडतात: विजेतेपदे किती, बक्षिसांची रक्कम किती आणि थांबला तेव्हा वय किती. ही सवय क्रिकेट-टेनिसकडून आलेली आहे. तिथे ती चालून जाते, कारण तिथला खेळ खेळाडूच्या जन्माआधी होता आणि त्याच्या निवृत्तीनंतरही राहणार असतो. संगणकावरच्या खेळाला ही हमी नसते. तो एका कंपनीने तयार केलेला असतो, तिच्या सर्व्हरवर चालतो, तिने ठरवलेल्या दिवशी बदलतो आणि तिचा रस संपला की ओस पडतो. त्यामुळे अशा खेळात एखाद्याची कारकीर्द का वाढली आणि का संपली, हे त्याच्या बोटांच्या वेगाकडे बघून कळत नाही. ज्या मैदानावर तो खेळला त्याची मालकी कोणाकडे होती आणि त्या मालकाने काय केले, हे आधी पाहावे लागते. नेदरलँड्सचा मान्युएल स्खेंकहाउझेन, म्हणजे जगाला माहीत असलेला ‘ग्रबी’, याची कारकीर्द हा मुद्दा तपासण्यासाठी विशेष उपयोगी आहे. ती लांब आहे, तीन वेगवेगळ्या खेळांतून गेलेली आहे आणि स्पर्धा सोडल्यावरही थांबलेली नाही.

ग्रबीचा जन्म १९८६चा, नायमेखेन शहरातला. त्याचे नाव झाले ते ‘वॉरक्राफ्ट ३’ या खेळात. ब्लिझार्ड या अमेरिकी कंपनीने तो २००२ साली बाजारात आणला आणि पुढच्याच वर्षी ‘द फ्रोझन थ्रोन’ हा त्याचा विस्तार काढला. ह्युमन, ऑर्क, अनडेड आणि नाइट एल्फ अशा चार जमातींपैकी एक निवडायची, तळ उभारायचा, सोने आणि लाकूड गोळा करायचे, सैन्य घडवायचे आणि समोरच्याचा तळ मोडायचा, असे त्याचे ढोबळ रूप. पण या खेळाची खरी गोम एका नियमात आहे. सैन्याचा आकार ५०च्या पुढे गेला की खाणीतून येणाऱ्या प्रत्येक १० सोन्यांपैकी ७च हाती पडतात आणि ८०च्या पुढे गेला की फक्त ४. म्हणजे मोठी फौज बाळगणाऱ्याला खेळ स्वतःच दंड करतो. साहजिकच सैन्य लहान राहते आणि एकेका सैनिकाचा जीव मोलाचा ठरतो. मरायला टेकलेला सैनिक ऐन क्षणी मागे काढणे, शत्रूच्या सैनिकाला चारी बाजूंनी घेरून कोंडणे, आपल्या ‘हिरो’ला अनुभवाचे गुण मिळतील अशा बेताने रानातले प्राणी मारत फिरणे, या सगळ्यांत कौशल्य मुरते. ग्रबी ऑर्क जमात खेळायचा, आणि त्याचे वेगळेपण सामना हातातून गेल्यासारखा वाटत असताना दिसायचे. घाबरून एकदम सगळे पणाला न लावता तो तोट्यातला सामना लांबवत न्यायचा आणि प्रतिस्पर्ध्याच्या चुकीची वाट बघायचा. चिनी चाहत्यांनी त्याला ऑर्कांचा राजा म्हटले, ते उगाच नव्हे.

२००४ साली सॅन फ्रान्सिस्कोत झालेल्या वर्ल्ड सायबर गेम्समध्ये त्याने वॉरक्राफ्ट ३चे सुवर्णपदक जिंकले. तेव्हा तो १८ वर्षांचा होता. २००५ साली पॅरिसचा इलेक्ट्रॉनिक स्पोर्ट्स वर्ल्ड कप आणि ब्लिझार्डच्या पहिल्या ‘ब्लिझकॉन’ मेळाव्यातली जागतिक निमंत्रितांची स्पर्धा त्याने खिशात घातली. तेव्हा तो ‘फोर किंग्ज’ या ब्रिटिश संघात होता. फ्रान्सचा योआन मेर्लो त्याचा सहकारी होता. २००८मध्ये तो ‘मीट युवर मेकर्स’ या डॅनिश संघात गेला आणि त्याच वर्षी कोलोनला वर्ल्ड सायबर गेम्सचे सुवर्ण त्याने दुसऱ्यांदा मिळवले, तेही अंतिम फेरीत कोरियाच्या जांग जे-होला, म्हणजे ‘मून’ला हरवून. मून हा या खेळातला सर्वांत प्रतिभावान खेळाडू मानला जायचा. मधल्या २००५ आणि २००६ या दोन वर्षांत तेच सुवर्ण चीनच्या ली शियाओफंगने, ‘स्काय’ने, नेले होते आणि २००८च्या बीजिंग ऑलिंपिकची मशाल वाहणाऱ्यांत त्याला जागा मिळाली होती. एका संगणकी खेळातल्या खेळाडूला देशाने असा मान देणे तेव्हा युरोपात कल्पनेपलीकडचे होते. नेदरलँड्समध्ये घरोघरी ब्रॉडबँड पोहोचले होते, पण कोरियासारख्या खेळ दाखवणाऱ्या वाहिन्या नव्हत्या आणि चीनसारखा अफाट प्रेक्षकही नव्हता. ग्रबीला आपली कीर्ती देशाबाहेर, विमानाने फिरून कमवावी लागली. त्या पिढीतल्या जवळपास प्रत्येक युरोपीय खेळाडूची हीच गत होती.

या विजयांकडे बघताना त्यांच्याखालची जमीन किती भुसभुशीत होती हे सहसा नजरेआड होते. कोरियात २००५मध्ये वॉरक्राफ्टच्या एका मोठ्या दूरचित्रवाणी लीगच्या आयोजकानेच स्पर्धेच्या मॅपमध्ये, म्हणजे खेळातल्या रणभूमीत, गुपचूप फेरफार करून जमातींची ताकद कमी-जास्त केल्याचे उघड झाले, आणि त्या देशातला हा खेळ त्यातून पुन्हा सावरलाच नाही. अमेरिकेतली सायबरअ‍ॅथलीट प्रोफेशनल लीग २००८ साली बंद पडली. टीव्हीच्या पैशावर उभी राहिलेली चॅम्पियनशिप गेमिंग सिरीज त्याच वर्षाअखेरीस गुंडाळली गेली. ग्रबीने पॅरिसमध्ये जिंकलेला इलेक्ट्रॉनिक स्पोर्ट्स वर्ल्ड कप भरवणारी फ्रेंच कंपनी २००९मध्ये दिवाळखोरीत निघाली. सॅमसंगच्या पाठबळावर चालणारे वर्ल्ड सायबर गेम्स २०१३च्या स्पर्धेनंतर थांबले आणि २०१९मध्ये वेगळ्या कंपनीच्या हाताखाली परतले. एखाद्या टेनिसपटूने जिंकलेल्या चार मोठ्या स्पर्धांपैकी बहुतेक त्याच्या तिशीच्या आतच बंद पडल्या, अशी कल्पना करून बघावी. मग त्याच्या विजेतेपदांचे वजन कशावर तोलायचे? ग्रबीच्या नावावर ३८हून अधिक लॅन स्पर्धांची, म्हणजे एकाच ठिकाणी जमून खेळलेल्या स्पर्धांची, विजेतेपदे आणि त्यांत सहा जागतिक विजेतेपदे सांगितली जातात. आकडा मोठा आहे. पण त्या स्पर्धांची नावे आज विशीतल्या प्रेक्षकाला काहीच सांगत नाहीत, आणि यात त्या प्रेक्षकाचा दोष नाही.

२०१०च्या जुलैमध्ये ब्लिझार्डने ‘स्टारक्राफ्ट २’ आणला. प्रायोजक, संघ, प्रेक्षक आणि बक्षिसांचा पैसा सारे तिकडे वळले आणि ग्रबीही वळला. तिथे तो ‘प्रोटॉस’ ही जमात खेळू लागला, वर्षानुवर्षे वरच्या दर्जाच्या स्पर्धांत दिसत राहिला, पण वॉरक्राफ्टमधल्या उंचीचे विजेतेपद त्याला तिथे मिळाले नाही. या टप्प्याचे नेहमीचे स्पष्टीकरण वयाचे आहे, आणि ते हलके नाही. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातील थॉम्पसन, ब्लेअर आणि हेन्री या संशोधकांनी २०१४मध्ये १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ स्टारक्राफ्ट २ खेळाडूंच्या सामन्यांची नोंद तपासली. पडद्यावर नवे काही दिसल्यापासून हात हलेपर्यंतचा वेळ २४व्या वर्षापासून वाढू लागतो, असे त्यांना आढळले. स्टारक्राफ्ट २ आला तेव्हा ग्रबी नेमका २४ वर्षांचा होता. म्हणजे गणित सुटले, असे कोणालाही वाटेल.

ते सुटलेले नाही. एक तर त्याच संशोधनाचा दुसरा निष्कर्ष असा होता की वयाने मोठे खेळाडू हा मंदपणा इतर मार्गांनी भरून काढताना दिसतात: साध्या डावपेचांवर भर देतात, खेळाच्या सोयींचा अधिक कार्यक्षमतेने वापर करतात. दुसरे म्हणजे २४व्या वर्षी सुरू होणारी घसरण हे सरासरीचे सत्य आहे. शिखरावरच्या मूठभरांचे भवितव्य त्यातून निघत नाही. फिनलंडचा योना सोताला, ‘सेराल’, याने २०२४मध्ये कातोविसची मोठी स्टारक्राफ्ट २ स्पर्धा जिंकली तेव्हा तो २५ वर्षांचा होता, आणि त्यानंतरही तो जिंकत राहिला. ‘लीग ऑफ लेजंड्स’मधला कोरियाचा ली सांग-ह्योक, ‘फेकर’, याने पहिले जागतिक विजेतेपद २०१३मध्ये, वयाच्या १७व्या वर्षी मिळवले. २०२३, २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ तीन मिळवून एकूण सहा केली, तेव्हा तो २९ वर्षांचा होता. फेकरच्या हाताचा वेग १२ वर्षे जसाच्या तसा राहिला असेल असे कोणी म्हणणार नाही. राहिला तो त्याचा खेळ. बारा वर्षे तोच खेळ, तीच वार्षिक जागतिक स्पर्धा, तोच प्रेक्षक. साचलेली समज वाया जाऊ नये यासाठी लागणारी जमीन त्याच्या पायाखालून कोणी काढून घेतली नाही. ग्रबी आणि फेकर यांच्यातला फरक मोजताना प्रतिभेआधी ही गोष्ट मोजायला हवी.

याहून टोकदार आक्षेप असा की ग्रबी खरोखरच महान असता तर दुसऱ्या खेळातही जिंकला असता. दोन्ही खेळ एकाच कंपनीचे, दोन्हींत तळ उभारायचा आणि लढायचे. मग कौशल्य सोबत का आले नाही? या प्रश्नामागे असे गृहीत आहे की दिसायला सारखे खेळ आतूनही सारखे असतात. वॉरक्राफ्ट ३ मोठ्या सैन्याला दंड करतो. स्टारक्राफ्ट २मध्ये सैन्य २००च्या मर्यादेपर्यंत न्यायची घाई असते. पहिल्यात एक लढाई मिनिटभर चालू शकते आणि मधूनच मागे हटता येते. दुसऱ्यात काही सेकंदांत सगळी फौज वितळते आणि सामना संपतो. ग्रबीची ताकद नेमकी त्या मिनिटभराच्या लढाईत होती, तोट्यातला डाव हळूहळू वळवण्यात होती. ज्या खेळाचे नियम चुकीला सावरायला वेळच देत नाहीत तिथे ही ताकद निम्मी होते. लांब पल्ल्याच्या धावपटूला शंभर मीटरला उभे करून त्याच्या दमसासाविषयी मत बनवणे जितके रास्त, तितकाच हा निवाडा रास्त आहे. शिवाय जे वॉरक्राफ्टकडे परतले त्यांच्याकडेही बघावे. मून ग्रबीच्याच वयाचा. तोही मध्ये स्टारक्राफ्ट २कडे गेला होता, पण वॉरक्राफ्टकडे परतला आणि तिशी ओलांडल्यावरही, प्रामुख्याने चिनी प्रेक्षकाच्या आणि चाहत्यांच्या पैशाच्या बळावर चालणाऱ्या स्पर्धांत, जिंकताना दिसला. वय सगळ्यांचे सारखेच वाढत होते. जो आपल्या खेळात परतला त्याचे शहाणपण कामी आले.

मग ग्रबीने खेळ सोडायलाच नको होता का? नंतरच्या माहितीवर हा सल्ला देणे सोपे आहे. २०१०मध्ये वॉरक्राफ्ट ३ला त्याच्या मालकानेच मागे टाकले होते. संघ त्या खेळाच्या खेळाडूंना पगार द्यायचे थांबत होते आणि युरोपातल्या खेळाडूपुढे चीनमध्ये जाऊन राहणे किंवा नवा खेळ शिकणे एवढेच पर्याय उरले होते. त्याने दुसरा निवडला, आणि काही वर्षांनी ‘हिरोज ऑफ द स्टॉर्म’ या ब्लिझार्डच्याच आणखी एका खेळात पुन्हा तेच केले. या तिसऱ्या खेळाचे पुढे काय झाले, हे ई-स्पोर्ट्समध्ये कारकीर्द करू पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. १३ डिसेंबर २०१८ रोजी ब्लिझार्डने जाहीर केले की या खेळाची अधिकृत व्यावसायिक लीग पुढच्या वर्षी होणार नाही. नव्या हंगामाची तयारी करत असलेले खेळाडू, प्रशिक्षक आणि समालोचक यांची रोजीरोटी एका निवेदनाने गेली. ग्रबी तोवर त्या स्पर्धांतून बाजूला झाला होता. पण जे त्यात अडकले होते त्यांच्यापैकी कोणाच्याही प्रतिक्रियेचा वेळ त्या दिवशी वाढला नव्हता.

मालकीचा हा प्रश्न कोणी कधी लढवला नाही असेही नाही. कोरियाच्या ई-स्पोर्ट्स संघटनेने पहिल्या स्टारक्राफ्टच्या प्रक्षेपण हक्कांवरून ब्लिझार्डशी कित्येक वर्षे वाद घातला. संघटनेचे म्हणणे असे की दहा वर्षे लीग आम्ही चालवल्या, खेळाडू आम्ही घडवले, प्रेक्षक आम्ही जमवला. कंपनीचे म्हणणे असे की खेळ आमचा. २०१०मध्ये कंपनीने प्रक्षेपणाचे हक्क दुसऱ्याच संस्थेला दिले, प्रकरण कोर्टात गेले आणि २०११मध्ये तडजोड झाली. तिचे सार एवढेच की मालकाच्या परवान्याशिवाय लीग चालणार नाही. ज्या देशात ई-स्पोर्ट्सला सर्वांत जास्त मान होता, स्वतःची संघटना होती, टीव्हीच्या दोन-दोन वाहिन्या होत्या, तिथे हे झाले. बुद्धिबळाची तुलना करावी. जागतिक बुद्धिबळ महासंघाशी भांडून एखाद्या विश्वविजेत्याने वेगळी स्पर्धा भरवली तर त्याला कोणी अडवू शकत नाही, कारण घोड्याच्या अडीच घरांवर कोणाचा कॉपीराइट नाही. ग्रबीला २०२० साली वॉरक्राफ्ट ३ची स्पर्धा २००८च्या आवृत्तीवर घ्यायची असती तर प्रश्न पैशाचा किंवा उत्साहाचा राहिला नसता.

कारण त्याच वर्षी जानेवारीत ब्लिझार्डने ‘वॉरक्राफ्ट ३: रीफोर्ज्ड’ बाजारात आणला आणि जुना खेळ ऑनलाइन खेळायचा तर त्याची नवी आवृत्ती घेणे सगळ्यांना भाग पडले, ज्यांनी रीफोर्ज्ड विकत घेतला नाही त्यांनाही. नव्या आवृत्तीत खेळाडूंची क्रमवारी ठरवणारी ‘लॅडर’ सुरुवातीला नव्हतीच. अठरा वर्षे जी व्यवस्था खेळाडू घडवत होती ती एका अपडेटने गेली. चाहत्यांनी काही महिन्यांत ‘डब्ल्यू३चॅम्पियन्स’ नावाची स्वतःची लॅडर उभी केली आणि गंभीर खेळाडू तिकडे गेले. कंपनीने मोडलेले लोकांनी फुकटात दुरुस्त केले. याहून जिव्हारी लागणारी गोष्ट रिप्लेंची आहे. ग्रबी जिंकत होता त्या काळात आजच्यासारखे व्हिडिओ स्ट्रीमिंग नव्हते. सामना पाहायचा तर त्याची रिप्ले फाइल उतरवून घ्यायची आणि आपल्या संगणकावर खेळाच्या आतच ती चालवायची. ही फाइल अगदी लहान असे, कारण तिच्यात चित्र नसते. कोणत्या क्षणी कोणता आदेश दिला एवढीच नोंद असते आणि बाकी सगळे खेळ स्वतः पुन्हा घडवतो. म्हणूनच ज्या आवृत्तीवर सामना झाला ती आवृत्ती हाताशी नसेल तर रिप्ले निरुपयोगी. खेळाच्या नियमात बारीकसा बदल झाला तरी तेच आदेश वेगळा सामना घडवतात. म्हणजे ग्रबीच्या ऐन भरातल्या खेळाचा पुरावासुद्धा कंपनीच्या कपाटात आहे. सुनील गावसकरची १९७१ची खेळी पाहायला कोणत्या कंपनीची परवानगी लागत नाही. चित्रफीत हरवली तरी धावफलक वाचता येतो. इथे धावफलकही कंपनीच्या यंत्रावाचून वाचता येत नाही.

कंपनीची बाजूही नीट मांडायला हवी, कारण ती निव्वळ खलनायकाची नाही. खेळ बनवायला कित्येक वर्षे आणि प्रचंड पैसा लागतो. ब्लिझार्डने वॉरक्राफ्ट ३ घडवलाच नसता तर ग्रबी नावाचा खेळाडूच झाला नसता. मालकी एकाच हाती असण्याचे फायदेही आहेत. फेकरची बारा वर्षे शक्य झाली ती रायट गेम्स या कंपनीने लीग ऑफ लेजंड्सच्या स्पर्धांवर सातत्याने पैसा ओतला म्हणून. नियम, वेळापत्रक, दर्जा एका हाताखाली राहिला. हे सगळे खरे आहे. पण त्यातून सिद्ध होते ते माझेच म्हणणे: चांगला मालक मिळाला तर कारकीर्द लांबते, मन बदललेला मालक मिळाला तर तुटते, आणि दोन्ही वेळा निर्णय खेळाडूच्या हातात नसतो. शिवाय ‘आम्ही बनवले म्हणून आमचे’ या दाव्याला या खेळाच्याच इतिहासात एक मोठा अपवाद आहे. वॉरक्राफ्ट ३सोबत मॅप बनवण्याचे साधन मिळत असे. ते वापरून चाहत्यांनी ‘डोटा’ नावाचा मॅप तयार केला आणि वाढवला. त्यातूनच लीग ऑफ लेजंड्सची कल्पना निघाली; त्यातूनच व्हॉल्व्ह या कंपनीचा ‘डोटा २’ निघाला, ज्याच्या २०२१च्या जागतिक स्पर्धेची बक्षिसे ४ कोटी डॉलरवर गेली. नावाच्या हक्कावरून ब्लिझार्ड आणि व्हॉल्व्ह यांच्यात २०१२मध्ये समझोता झाला. पुढे रीफोर्ज्डच्या करारात ब्लिझार्डने लिहून टाकले की खेळाडूंनी बनवलेल्या मॅपची मालकी कंपनीची. ई-स्पोर्ट्समधला सर्वांत मोठा पैसा ज्या कल्पनेवर उभा राहिला ती कल्पना खेळणाऱ्यांची होती. त्यानंतर कंपनीला शहाणपण सुचले ते मालकी घट्ट करण्याचे.

ग्रबीच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध याच पार्श्वभूमीवर वाचायला हवा. २०११मध्ये ट्विच हे स्ट्रीमिंगचे संकेतस्थळ सुरू झाले, २०१४मध्ये अ‍ॅमेझॉनने ते ९७ कोटी डॉलरना घेतले, आणि स्पर्धांबाहेर खेळाडूला स्वतःचा प्रेक्षक मिळवण्याची सोय झाली. ग्रबीने स्पर्धा कमी करत करत स्ट्रीमिंग हेच पूर्ण वेळचे काम केले. त्याच्या निवृत्तीची एकच अशी तारीख सांगणे कठीण आहे, आणि या व्यवसायात ते स्वाभाविकच आहे. तो खेळताना बोलतो, पण त्याचे बोलणे प्रेक्षकाला गुंतवून ठेवण्यासाठी केलेला गलबला नसतो. मी हा सैनिक मागे का घेतला, समोरच्याकडे आत्ता किती सोने असेल, पुढच्या तीस सेकंदांत तो काय करू शकतो, हे तो मोठ्याने विचार करत सांगतो. हरल्यावरही दोष आपल्या निर्णयात शोधतो. कोल्हापूर-सांगलीच्या तालमीत लढती सोडलेला मल्ल वस्ताद होतो, पोरांच्या पकडीत काय चुकले ते दाखवतो, आणि त्याची कुस्ती संपली असे तिथे कोणी म्हणत नाही. ग्रबीचे स्थान त्या वस्तादाचे आहे. स्पर्धेच्या काळात जे ज्ञान फक्त बोटांत होते ते आता शब्दांत आले. वॉरक्राफ्ट ३बद्दल आज नव्या पिढीला जी काही समज आहे तिच्यातला मोठा वाटा या बोलण्याचा आहे, असे माझे ठाम मत आहे.

स्ट्रीमिंग हा खेळ नव्हे, करमणुकीचा धंदा आहे, असे यावर म्हटले जाते. धंदा तो आहेच. पण समालोचन, प्रशिक्षण आणि स्तंभलेखन यांनाही कोणी निवृत्त क्रिकेटपटूच्या कारकिर्दीतून वगळत नाही. अधिक गंभीर हरकत अशी की ग्रबीला हे जमले म्हणून इतरांनाही जमेल असे नाही. स्पर्धा सोडणाऱ्या बहुतेक खेळाडूंकडे त्याच्यासारखे नाव नसते, अस्खलित इंग्रजी नसते आणि तासन्‌तास स्पष्ट बोलण्याची हातोटीही नसते. ही हरकत मला पूर्ण मान्य आहे. ग्रबीचे उदाहरण मी यशाचा नुस्खा म्हणून देत नाही. सहा जागतिक विजेतेपदांच्या माणसालाही तीन वेळा शून्यातून सुरुवात करावी लागली, तर ज्याच्या नावावर एकही नाही त्याचे काय, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. आणि त्याच्या आजच्या मैदानाचाही मालक वेगळा असला तरी आहेच: ट्विचचे नियम आणि वाटणी अ‍ॅमेझॉन ठरवते. फरक एवढाच पडला की आता प्रेक्षक खेळासाठी येत नाही, माणसासाठी येतो, आणि खेळ बदलला तरी माणसासोबत राहतो.

२०२३मध्ये याची चांगली परीक्षा झाली. वयाची ३५ वर्षे ओलांडल्यावर ग्रबी डोटा २ पहिल्यापासून शिकायला बसला, तोही हजारो लोकांसमोर, नवशिक्याच्या सगळ्या चुका करत. त्याच वर्षी तो त्या खेळातल्या ‘इमॉर्टल’ या सर्वांत वरच्या श्रेणीत पोहोचला. ही व्यावसायिक पातळी नव्हे. त्या श्रेणीतही वरचे आणि खालचे यांच्यात मोठे अंतर असते आणि ते अंतर कमी लेखू नये. पण वयाच्या सिद्धान्ताला याचे उत्तर द्यावे लागेल. शंभराहून अधिक हिरो असलेला, शिकायला अवघड म्हणून प्रसिद्ध असलेला खेळ एका माणसाने त्या वयात इतक्या वेगाने आत्मसात केला, तर ‘चोविशीनंतर उतरण’ हे वाक्य फार मर्यादित अर्थानेच खरे आहे. आणि ज्या डोटाचे मूळ त्याच्याच जुन्या खेळाच्या मॅपमध्ये होते, त्या खेळाचे लोक त्याला आपला मानू लागले, हे मला त्याच्या कित्येक पदकांपेक्षा मोलाचे वाटते.

हा प्रश्न नेदरलँड्सपुरता किंवा एका जुन्या खेळापुरता असता तर इतके लिहायचे कारण नव्हते. भारतात २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली. जुलै २०२१मध्ये तोच खेळ ‘बीजीएमआय’ या नावाने आला, जुलै २०२२मध्ये अ‍ॅप स्टोअरवरून उतरवला गेला आणि मे २०२३मध्ये परतला. तीन वर्षांत दोनदा मैदान गायब झाले. तिथे कारण कंपनीच्या मर्जीचे नव्हते, राष्ट्रीय सुरक्षेचे आणि विदासंरक्षणाचे होते, पण खेळाडूच्या बाजूने बघता फळ तेच. २०१९ची पहिली पबजी मोबाइल इंडिया सिरीज जिंकणाऱ्या संघाचा कर्णधार, मुंबईचा नमन माथुर म्हणजे ‘मॉर्टल’, स्पर्धेपेक्षा स्ट्रीमिंगकडे वळला तो मार्ग ग्रबीच्याच वळणाचा आहे. ज्याच्यामागे लाखो प्रेक्षक होते तो तरला. पुणे, नाशिक, नागपूरच्या ज्या मुलांनी स्वस्त फोनवर रात्री जागून सराव केला आणि ज्यांचे नाव व्हायचे होते, त्यांच्यासाठी अशी दुसरी होडी नव्हती.

डिसेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली आणि ऑगस्ट २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्सला रीतसर खेळ म्हणून जागा दिली. त्याची मार्गदर्शक तत्त्वे क्रीडा मंत्रालयाने ठरवायची आहेत. पदके आणि शिबिरे यांच्याआधी त्यांत दोन गोष्टी याव्यात. अधिकृत लीग बंद करायची तर कंपनीने पूर्ण एका हंगामाची आगाऊ सूचना द्यावी आणि तोवरचे मानधन चुकते करावे. आणि मान्यताप्राप्त स्पर्धा ज्या आवृत्तीवर झाली ती आवृत्ती, तिच्या रिप्ले फाइलींसह, चालू स्थितीत जतन करून सार्वजनिक संस्थेकडे सोपवावी. परदेशी कंपनीला आपले सरकार असे काय सांगणार, ही शंका यावर येईलच. तिचे उत्तर मे २०२३मध्येच मिळालेले आहे. तेव्हा बीजीएमआयला परवानगी मिळाली ती आधी तीन महिन्यांच्या चाचणीपुरती, आणि क्राफ्टन या कोरियन कंपनीने १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तास आणि मोठ्यांना ६ तास अशी मर्यादा खेळातच घातली. बाजार मोठा असला की मालक अटी ऐकतो. त्या वेळच्या अटी प्रेक्षकाच्या आणि पालकाच्या काळजीपोटी होत्या, खेळाडूच्या बाजूची एकही अट त्या यादीत कोणी मागितली नव्हती.